दोन्ही कॅलिपर उजवेच : ब्रेक किटबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मोठ्या ब्रेकच्या किटमध्ये दोन्ही कॅलिपर उजव्या बाजूचे आल्याबाबत

महोदय,

पुढच्या चाकांसाठीचं तुमचं मोठ्या ब्रेकचं किट मी गेल्या महिन्यात घेतलं आणि घरीच बसवलं. त्यातले दोन्ही कॅलिपर (ब्रेकच्या डिस्कवर पॅड दाबणारे भाग) उजव्या बाजूचे निघाले. खोक्यांवर ‘डावा’ आणि ‘उजवा’ अशी लेबलं आहेत, पण कॅलिपरवर कोरलेला नंबर दोन्हींवर एकच आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

लांब उतारावर जुने ब्रेक तापून पकड सोडायचे, म्हणून २५६ मिलिमीटरच्या डिस्कऐवजी ३०० मिलिमीटरची डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर घेतले. ब्रॅकेट आणि डिस्क अचूक बसल्या. रिममध्ये कॅलिपर मावतो का ते पाहण्यासाठी दिलेला कागदी साचाही बरोबर होता. होज पाइपला नवे तांब्याचे वॉशर घातले, सगळे बोल्ट टॉर्क पान्याने आवळले.

अडचण आली ती एअर काढताना, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा कॅलिपरच्या निपलमधून (हवा सोडायच्या छोट्या तोंडातून) बाहेर काढताना. माझी मुलगी ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून बसली होती. मी चाकाजवळून ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ सांगत होतो. ब्रेक ऑइलची अख्खी बाटली संपली. डाव्या बाजूने एकही बुडबुडा येईना, तरी पेडल मऊच. दोन-तीनदा पंप केलं की घट्ट लागायचं आणि थोडं थांबलं की पुन्हा खाली जायचं. हे सगळ्यात धोक्याचं आहे. ज्याला माहीत नाही तो ‘झालं घट्ट’ म्हणून गाडी रस्त्यावर काढेल.

तुमच्या हेल्पलाइनवर पहिल्यांदा सांगितलं, ऑइल जुनं असेल. ते सीलबंद बाटलीतलं, डॉट ४ दर्जाचं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं, मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) बदला. ‘निपल वर आहे की खाली?’ एवढं मात्र कोणीच विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं तर माझे तीन दिवस वाचले असते.

तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजू नीट ताडून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. उजवा कॅलिपर डावीकडे लावला की तो उलटा बसतो आणि त्याचं एकुलतं एक निपल तळाशी जातं. हवा वर चढते, त्यामुळे ती आत वरच्या भागात अडकून राहते आणि खालून नुसतं स्वच्छ ऑइल बाहेर येतं. खात्री करण्यासाठी कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवला, निपल वर येईल असा धरला, पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून पॅडच्या मध्ये डिस्कइतक्या जाडीची लाकडी पट्टी घातली आणि मुलीला पेडल दाबायला सांगितलं. कितीतरी वेळ बुडबुडे येत राहिले. मग पेडल पहिल्याच दाबाला घट्ट लागलं.

पण हा काही उपाय नव्हे. तुमच्याच माहितीपत्रकानुसार पिस्टन ३८ आणि ४२ मिलिमीटरचे आहेत. फिरणारी डिस्क पॅडमध्ये जिथून शिरते, तिथे लहान पिस्टन हवा. उलट्या कॅलिपरमध्ये तिथे मोठा येतो आणि पॅड तिरके झिजतात. हा कॅलिपर डावीकडे चालणारच नाही.

हे सगळं तिसऱ्या फोनवर सांगितल्यावर उत्तर मिळालं, की किट घरी बसवल्यामुळे वॉरंटी लागू नाही. याचं मला फार वाईट वाटलं. घरी बसवता येतं, असं तुमच्याच खोक्यावर छापलं आहे. शिवाय चूक लेबल लावताना झाली आहे. गॅरेजमध्ये हेच किट नेलं असतं तर तिथेही दोन उजवेच निघाले असते.

मला डावा कॅलिपर, तांब्याचे नवे वॉशर आणि वाया गेलेल्या ऑइलची भरपाई हवी आहे. चुकीचा कॅलिपर तुमच्या खर्चाने घेऊन जावा. माहितीपत्रकात ‘निपल नेहमी वर’ ही सूचना चित्रासह छापावी आणि हेल्पलाइनवरच्या लोकांनी मऊ पेडलची तक्रार आली की पहिला प्रश्न तोच विचारावा.

याहून तातडीचं आणखी एक आहे. माझ्याकडे दोन उजवे आले, म्हणजे कोणाकडे तरी दोन डावे गेले असण्याची शक्यता आहे. मी जुने ब्रेक परत लावून गाडी वापरतो आहे, पण तो माणूस कदाचित पंप करून घट्ट केलेल्या पेडलच्या भरवशावर गाडी चालवत असेल. त्या लॉटमधल्या प्रत्येक ग्राहकाला आजच फोन करा. माझ्या पत्राचं उत्तर त्यानंतर आलं तरी चालेल.

आपला,
एक ग्राहक