‘आपल्याच जिल्ह्यातील वकील’ न मिळाल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
वकील-शोध सेवा विभाग

विषय : दिवाळखोरी वकिलासाठी भरलेले २,९९९ रुपये परत मिळणेबाबत.

महोदय,

दारव्हा तालुक्यातील एका गावात माझे स्वतःच्या एकट्याच्या मालकीचे कृषी सेवा केंद्र होते. कास्तकारांकडील खता-बियाण्यांची उधारी लागोपाठ दोन हंगाम वसूल न झाल्याने बँकेचे खाते थकले, आणि नादार (कर्ज फेडण्यास असमर्थ) घोषित होण्यासाठी अर्ज करावा या विचाराने मी आपल्या ॲपवर पैसे भरले. ‘४८ तासांत आपल्याच जिल्ह्यातील वकील’ हे आपल्या जाहिरातीतले शब्द आहेत.

वकिलाचे नाव यायला अकरा दिवस लागले. त्याबद्दल मी भांडत नाही. परंतु आलेले पहिले वकील मुंबईचे होते व ते फक्त कंपन्यांची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे चालवतात, तर दुसऱ्यांनी माझे म्हणणे ऐकून घेण्याआधीच २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखालील शुल्क सांगितले. माझी कंपनी नाही आणि मी कोणत्याही कंपनीला जामीनही नाही, हे नोंदणीच्या अर्जात लिहिलेले असताना आपल्यापैकी कोणी ते वाचले होते का?

शेवटी एसटीने यवतमाळला जाऊन न्यायालयाच्या आवारातील एका ज्येष्ठ वकिलांना मी उधारीची वहीच दाखवली. त्यांनी सांगितले की, माझ्यासारख्या व्यक्तीला त्या संहितेतील तरतुदी अजून लागू झालेल्या नाहीत; मला १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाखाली जिल्हा न्यायालयातच अर्ज करावा लागेल. (त्या कायद्यात पाचशे रुपयांच्या कर्जावरही अर्ज करता येतो, एवढ्यात आज डीएपी खताचे अर्धे पोतेही येत नाही.) म्हणजे माझ्या कामाला जिल्ह्यातलाच वकील हवा होता, आणि नेमका तोच आपण दिला नाही.

याहून गंभीर बाब अशी की, मी दुकानात नसताना आपल्या प्रतिनिधीने पर्यायी क्रमांकावर, म्हणजे माझ्या चुलतभावाला, फोन करून ‘दिवाळखोरीच्या केसबद्दल बोलायचे आहे’ असे सांगितले. तो तेव्हा पानठेल्यावर चारचौघांत बसला होता व फोनचा स्पीकर चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, शटर अर्धेच वर गेलेले असताना, माझ्याकडून पैसे येणे असलेले तिघे दारात उभे होते. गावात दिवाळे निघाल्याची बातमी अर्ज करण्याआधी पोहोचली, ती आपल्या कार्यालयातून.

असे असताना ॲपवर माझी मागणी ‘सेवा पूर्ण’ म्हणून बंद करण्यात आली आहे.

तरी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी, दोन्ही क्रमांक आपल्या नोंदींतून काढून टाकावेत आणि ते आणखी कोणाला दिले असल्यास त्यांची नावे लेखी कळवावीत. अन्यथा २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार मी राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करीन. त्यासाठी मला मुंबईला येण्याची गरज नाही.

आपला ग्राहक,
(नाव व नोंदणी क्रमांक सोबतच्या पावतीवर)
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

सोबत : पावतीची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट.