माझी अकरा पुस्तकं आणि तुझा आवाज

प्रिय छोटी,

खरं नाव लिहायचं नाही, अशी तू ताकीद दिली आहेस. म्हणून घरच्या हाकेनेच सुरुवात करते.

माझी वाचनवही तुला माहीत आहे. डिसेंबर संपत आला की ती उघडून बसायचं, ही माझी जुनी सवय. पुस्तकाचं नाव, लेखक, कधी हातात घेतलं, कधी संपलं आणि शेवटी एखाद्या ओळीचा शेरा. गेल्या वर्षीच्या नोंदी मोजल्या तर 41 भरतात. यंदा 11 आहेत, आणि त्यातल्या आठ तुझ्या अक्षरात. तिरपं, घाईघाईचं अक्षर, ‘लक्ष्मीबाई’तला ‘क्ष’ दोनदा गिरवलेला.

हे सगळं तुला समोर बसवून सांगायला हवं होतं. पण मी आभाराचा शब्द काढला की तू ‘पुरे हं मावशी’ म्हणतेस आणि विषय बदलतेस. पत्रात तुला तसं करता येणार नाही. शिवाय एखाद्याला वाचून दाखवणं किती मोठी गोष्ट आहे, हे आणखी चार जणांना कळावं असंही मला वाटतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

फेब्रुवारीतली ती संध्याकाळ. मी वाचत होते आणि पानाच्या एका कडेने सावली आत सरकायला लागली. आधीचे दोन दिवस डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगत होते, अंधारात मधूनच वीज चमकल्यासारखं व्हायचं. थकवा असेल म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. (हे वाचणाऱ्या कुणाला असं काही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. उद्यावर टाकू नका.) डोळ्याचा पडदा सरकला होता. शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत वायूचा बुडबुडा सोडला. तो पडद्याला आतून दाबून धरतो, आणि योग्य जागी टेकावा म्हणून माणसाला दिवसच्या दिवस मान खाली घालून राहावं लागतं. माझा दुसरा डोळा लहानपणापासून अधू. त्यामुळे हाताशी पुस्तकांची चळत होती आणि मला दिसत होती फक्त जमीन.

ध्वनिमुद्रित पुस्तकं लावून पाहिली. वाचणाऱ्यांचे आवाज चांगले होते, पण मला ‘थांबा, हे परत वाचा’ असं म्हणायची सवय, आणि तिथे ते म्हणणार कुणाला? चौथ्या दिवशी तू आलीस ती ‘काही हवंय का’ एवढंच विचारायला. मी म्हटलं, दोन पानं वाचून दाखवशील?

तू जरा गप्प झालीस. मग म्हणालीस, ‘माझं मराठी वाचन फार हळू आहे. शाळा सुटल्यापासून पुस्तक असं वाचलंच नाही.’ आणि तरी बसलीस. मी उशीवर कपाळ टेकवून पालथी पडलेली, आणि तुझा आवाज डाव्या कानाच्या वर कुठूनतरी येत होता. त्या दिवशी वीस मिनिटांत तीन पानं झाली. तेव्हा तुला सांगितलं नाही, आता सांगते. त्या तीन पानांत मला जेवढं ऐकू आलं, तेवढं मी एरवी तीस पानांतही ऐकलं नसेल.

मी भरभर वाचणारी बाई. एका वेळी तीन पुस्तकं चालू, झोपताना एक, प्रवासात एक, दुपारी एक. वर्णनं आली की नजर खाली घसरायची, संवाद आले की थांबायची. 41 हा आकडा तसाच जमला होता. तुझ्याबरोबर काही घसरायची सोयच नव्हती. तू जोडाक्षरापाशी अडायचीस, मागे जायचीस, शब्द फोडून पुन्हा जोडायचीस, आणि तेवढ्या वेळात ते वाक्य माझ्यात उतरायचं.

पहिलं पुस्तक ‘स्मृतिचित्रे’. ते मी आधी दोनदा वाचलेलं. 1934 पासून भागाभागाने आलेलं हे आत्मचरित्र. लक्ष्मीबाई टिळक कुठल्या शाळेत शिकलेल्या नव्हत्या, लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड येतं, आणि तू हसत सुटलीस. पुढे न सांगता घर सोडून जाणारा नवरा, 1895 मध्ये त्याने धर्म बदलला तो घाव, ताटातुटीची ती वर्षं. तिथेही तू हसलीस, मग एकदम थांबून विचारलंस, ‘मावशी, हे विनोदी आहे की दुःखाचं?’

मला उत्तर देता आलं नाही. दोनदा वाचूनही हा प्रश्न मला पडला नव्हता, कारण मी ते पुस्तक ‘थोर’ या खणात ठेवून मोकळी झाले होते. तुझ्या तोंडून ऐकताना कळलं की ही बाई लिहीत नाहीये, समोर बसून सांगते आहे. सांगणारा माणूस मोठं दुःखसुद्धा साध्या आवाजात सांगतो. ऐकणाऱ्याला मात्र हसता हसता गिळायला जड जातं. वहीत त्या पुस्तकापुढे तू तुझा तो प्रश्नच शेरा म्हणून लिहिलास. माझ्या वहीतला तो सगळ्यात चांगला शेरा आहे.

मग ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची 1955 मधली छोटी कादंबरी. मेंढपाळांच्या वस्तीवर आलेला कोवळा मास्तर, तिथली माणसं आणि शेवटी दुष्काळ. छोटी वाक्यं, म्हणून तुझी गाडी इथे सुरळीत चालायला लागली होती. शेकूच्या नांगरटीपाशी ती थांबली. एकच बैल आहे, दुसरा मिळत नाही, आणि औताला बैलाच्या जोडीने त्याची बायको उभी राहते. तू ते वाचलंस, पुढे गेली नाहीस, बोटाने मागची ओळ शोधलीस आणि सगळं पुन्हा वाचलंस, या वेळी आणखी हळू. मला तुझा चेहरा दिसत नव्हता. पान मात्र उलटलं जात नव्हतं, ते मला ऐकू येत होतं. एका लेखकाने सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेल्या बाईसाठी एक मुलगी माझ्या खोलीत श्वास रोखून बसली होती. पुस्तकांविषयी यंदा मला काही नवं कळलं असेल तर ते त्या अर्ध्या मिनिटात कळलं.

‘रणांगण’ तू पाच बैठकांत संपवलंस, तेही परीक्षा तोंडावर असताना. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी 1939 मध्ये आली, महायुद्धाला तोंड फुटलं त्याच वर्षी. युरोपातून निघालेलं जहाज, हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, आणि त्यात चक्रधर आणि हॅर्टा यांची थोड्या दिवसांची ओळख. शेवट इथे सांगत नाही, ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी. शेवटची पानं वाचताना तुझा आवाज इतका खाली गेला की मी मान वर करू पाहिली आणि तू दटावलंस, ‘मान खाली!’ त्यानंतर आपण दोघी बराच वेळ काही बोललो नाही. दिवा न लावताच तू घरी गेलीस.

तोवर बुडबुडा विरत चालला होता. वरून थोडं दिसायचं, खाली पाण्याची पातळी हलावी तशी रेघ हलायची, आणि रोज ती रेघ जराशी खाली उतरायची. मला वाटलं, आता वाचेन. पण या शस्त्रक्रियेनंतर बऱ्याचदा होतं तसं त्याच डोळ्यात मोतीबिंदू वाढायला लागला आणि अक्षरं पुन्हा धुक्यात गेली. तू फक्त म्हणालीस, ‘म्हणजे अजून पुस्तकं.’

त्या दिवसांत तुला वेळ कमी असायचा म्हणून आपण ‘श्यामची आई’ काढलं. त्यात प्रकरणांना रात्र म्हणतात, अशा 42 रात्री. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात हे लिहायला घेतलं, पण बांधणी सांगितलेल्या गोष्टींची. एका बैठकीला एक रात्र. तुला ते फार रडवं वाटलं, आणि तू ते स्पष्ट सांगितलंस. मला ते आवडलं. आवडलं नाही म्हणायला माणसाने आधी मन लावून वाचलेलं असावं लागतं, आणि तू वाचलं होतंस.

एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आपण शंभराव्या पानाला सोडली. घेतलेलं पुस्तक शेवटास न्यायचंच, हा माझा बाणा. पण तू वाचून वाचून कंटाळली आहेस, हे तुझ्या आवाजात ऐकू येत होतं, आणि मीही कंटाळले होते. मोठ्याने वाचताना कंटाळा लपत नाही. ते पुस्तक वहीत नाही.

आणि कुसुमाग्रजांची ‘विशाखा’. 1942 चा संग्रह. ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ तू पहिल्यांदा बातमी वाचावी तसं वाचलंस. मी काही बोलले नाही. दुसऱ्यांदा वाचताना तुझं बोट खाटेच्या कडेवर वाजायला लागलं. तिसऱ्या कडव्यापाशी तू ओरडलीसच, ‘मावशी, ही तर मनाच्या श्लोकांची चाल आहे!’ होय गं. एक लघु म्हणजे आखूड अक्षर, मग दोन गुरू म्हणजे लांब अक्षरं, ‘यमाचा, यमाचा’ असा तोच यगण, तीन अक्षरांचा गट. फक्त इथे दर दुसऱ्या ओळीला शेवटी एक अक्षर कमी पडतं आणि आवाज अधांतरी राहतो. तेही तुला तुझ्या बोटाने सांगितलं. लहानपणी पाठ केलेले रामदासांचे श्लोक आणि सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी अशा एका ठेक्यात भेटताना मी पुस्तकं चाळून कधी पाहिल्या नव्हत्या. मी तुला वृत्तं शिकवली असती तर तू झोपली असतीस. आपणहून सापडलं म्हणून ते तुझं झालं, आणि तुझ्यामुळे माझंही.

ऑगस्टमध्ये मोतीबिंदू काढला, ऑक्टोबरमध्ये चष्मा आला, आणि त्याच महिन्यात तू पुढच्या शिक्षणासाठी गेलीस. आता मला दिसतं. सरळ ओळ मध्यभागी जराशी वाकते, पण वाचता येतं. तू गेल्यावर मी एकटीने जे पहिलं पुस्तक घेतलं ते श्रीनिवास विनायक कुलकर्णींचं ‘डोह’. 1965 मध्ये आलेलं, नदीकाठच्या लहानपणावरच्या ललित लेखांचं. छोटंसं पुस्तक, पूर्वीची मी असते तर दोन दुपारींत उडवलं असतं. मला सतरा दिवस लागले. एका वेळी एक लेख, तोही ओठ हलवत. आणि आतून ऐकू येणारा आवाज माझा नव्हता, तुझा होता, स्वल्पविरामाशी थांबणारा. सुरुवातीला तू स्वल्पविराम गिळायचीस, आठवतं? ‘श्वास घे, लेखकाने जागा ठेवली आहे’ असं मी एकदाच म्हणाले होते. नंतर तुला कधी सांगावं लागलं नाही. आता मला सांगावं लागतं, स्वतःला.

सवयी किती बदलल्या, ते तुला सांगायला हवं. पलंगाशेजारची चळत गेली, आता तिथे एकच पुस्तक असतं. आणखी वाचावंसं वाटत असतानाच मिटते, म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत ते मनात चालू राहतं. एखादा परिच्छेद आवडला तर खोलीत कुणी नसलं तरी मोठ्याने वाचते. एका मैत्रिणीला फोनवर रोज दोन पानं वाचून दाखवायला लागले आहे. तिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, तिला आवडतं म्हणून.

तुझे उपकार मोजायला बसले तर वेळेचा हिशेब मनात येतो. परीक्षा, क्लास, मैत्रिणी यांतून काढलेली ती रोजची वीस-पंचवीस मिनिटं. पण मला जास्त मोलाची वाटते ती वेगळी गोष्ट. जे आपल्याला नीट येत नाही ते दुसऱ्यासमोर, दुसऱ्यासाठी, रोज करत राहायचं, अडखळायचं आणि उद्या परत यायचं. माझ्या वयाच्या माणसांना ते जमत नाही. तू ते सहज केलंस, कारण तुझं लक्ष स्वतःच्या अडखळण्याकडे नव्हतं, मला पुढचं पान ऐकायला मिळावं याकडे होतं.

‘युगान्त’ मात्र यंदाच्या अकरांत धरलेलं नाही. इरावती कर्वे यांचं महाभारतातल्या माणसांवरचं हे 1967 मधलं पुस्तक आपण सप्टेंबरात सुरू केलं, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला दुपारी आराम म्हणून मी कपडा बांधून पडायचे तेव्हा. गांधारीचं प्रकरण आलं आणि तू वाचता वाचता थबकलीस. ‘हे राहू दे का?’ असं हळूच विचारलंस. मी म्हटलं, वाच. तिने पट्टी आपणहून बांधली होती, मला तर माझी सोडायची आहे. तू वाचलंस. कुंतीही झाली. मग तुझी बॅग भरायची वेळ आली आणि आपण द्रौपदीच्या दाराशी थांबलो.

तू ठेवलेली खूण, रेल्वे आरक्षणाच्या कागदाची ती घडी, अजून त्याच पानात आहे. मला आता स्वतःला वाचता येतं, तरी ते पुस्तक मी उघडलेलं नाही. सुटीला आलीस की तिथूनच सुरू करू. या वेळी एक पान तू, एक मी.

तुझी,
मावशी