कपेलीच्या भिंतीला सिमेंट नको, बाबू

प्रिय बाबू,

माझा गुडघा आहे तसाच आहे, आई बरी आहे. आता मुद्द्यावर येतो, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही.

आपल्या वाड्यावरच्या छोट्या चर्चचा, आपल्या कपेलीचा, गिलावा खरवडायला घेतलाय. डिसेंबरच्या सणाआधी, फेस्ताआधी, सगळं नवं करायचं ठरलंय. काल सकाळी मी तिथे उभा होतो. आल्ताराच्या, वेदीच्या, डाव्या हाताचा कोनाडा आठवतो ना? लपाछपीत तू ज्यात अडकला होतास आणि आपल्या गवंडी मेस्तमामांनी कान धरून बाहेर काढलं होतं, तोच. त्याच्या माथ्यावरचे रंगाचे थर निघाले आणि खालून शिंपला बाहेर आला. चुन्यात घडवलेला, एकेक पाकळी शाबूत. तळावलीला सांतानच्या चर्चमध्ये कोनाड्यांवर आहेत ना, अगदी तसा! माझ्या तोंडून तुझंच नाव निघालं.

तवश्यांच्या, काकड्यांच्या, फेस्ताला त्या चर्चसमोर आपण किती भांडलो होतो. तू म्हणायचास, ही पाच मजली दर्शनी भिंत जुन्या गोव्याच्या आगुस्तिनकार पाद्रींच्या चर्चवरून उचललीय, यात आपलं काय? अरे, नमुना तिथला असेल. पण १६८१ ला हे काम उभं करायला घेतलं ते फ्रांसिस्कु द रेगु या गोंयकार पाद्रीने, आणि १६९५ ला ते पुरं झालं. चिरे आपल्या डोंगरातले, हात आपल्या मेस्तांचे. आणि तुझ्या त्या मूळ चर्चचं काय झालं? १८३५ मध्ये मठवाल्यांना घालवलं, १८४२ ला छत खाली आलं, १९३१ ला दर्शनी भिंत कोसळली. उरलाय तो अर्धा मनोरा, आणि त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये वाजते. हे भांडण मी अजून सोडलेलं नाही. शिवाय मूल व्हावं म्हणून काकींनी तळावलीला तवशीं वाहिली आणि मग तू झालास, त्यामुळे सांतानच्या बाजूने बोलणं तुझं कर्तव्यच आहे.

तर काळजी अशी. खरवडून झालं की कंत्राटदार सिमेंटचा गिलावा चढवणार, वर प्लास्टिक पेंट. तू इंजिनिअर, तुला मी काय सांगणार. पण तिथे जे बोललो तेच लिहितो. जांभा पाणी पितो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, भिंत चार महिने ओली. चुना असला की दिवाळीनंतर ती ओल हळूहळू बाहेर जाते. सिमेंट म्हणजे ओल्या अंगावर चढवलेला रबरी रेनकोट. पाणी आत कोंडतं, क्षार वर येतात, चिऱ्याचं तोंड भुगा होऊन सुटतं, आणि पुढे गिलावा पडतो तो दगडाचं साल घेऊन. शेजारच्या गावच्या खुरसाचा, क्रॉसचा, चौथरा तसाच गेला, तूच दाखवला होतास.

कंत्राटदाराचंही अगदी चूक नाही. चुना भिजवून मुरवायचा, पातळ थर द्यायचा, तो सुकेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. चुन्याची घाणी आता कोणाकडे आहे? मेस्तमामा गेल्यावर चुन्यात गूळ किती घालायचा हे विचारायलासुद्धा माणूस राहिला नाही. आणि फेस्त तर तोंडावर. पाद्रीबाब ऐकून घेतात, पण तेही नवे आहेत.

एका पोराने मला विचारलं, "तुमकां कित्याक पडलां?" म्हणजे तुम्हाला कशाला पडलंय? वाईट हेतूने नव्हे, खरंच कळेना त्याला. मी म्हटलं, माझी आजी कवळ्याहून शांतादुर्गेचं दर्शन घेऊन आली की संध्याकाळी इथे मेणबत्ती लावायची. आणि त्या देवळाच्या कमानीच्या खिडक्या, भिंतीतले अर्धे खांब नीट बघ, मग ही कपेल बघ. देव वेगळे असतील, पण बांधायची रीत एकच आहे रे. ही भिंत गेली तर माझीही गेली. तो गप्प झाला, मग शिंपल्याचा फोटो काढून घेतला त्याने.

माझं म्हणणं एवढंच, की घट्ट धरलेला जुना चुना खरवडू नका. फेस्तापूर्वी फक्त फुटलेली कौलं बदला, जोत्याजवळ तुंबणाऱ्या पाण्याला वाट करून द्या आणि साधी चुन्याची सफेदी मारा. गिलावा जानेवारीत, भिंत कोरडी झाल्यावर, चुन्याचाच. खर्चाचा आकडा मला मांडता येत नाही, तिथे तू हवास. माझं बोलणं म्हाताऱ्याची हौस वाटते त्यांना. तू कागदावर गणित मांडलंस तर ऐकतील.

मुलीला नोकरी लागल्याचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? फ्लॅटच्या भानगडीचं तू आलास की बोलू.

रविवारी मिसेची प्रार्थना झाल्यावर बैठक आहे. शुक्रवारच्या रात्रीच्या बसने निघ, म्हणजे शनिवारी उजेडात भिंत बघता येईल. ओल मोजायचं ते तुझं यंत्र घेऊन ये. तिकीट काढलंस की लगेच कळव, तोवर शिंपल्याला हात लावू नका म्हणून मी पाद्रीबाबांकडे शब्द टाकून ठेवलाय.

तुझा,
दादू