सूचना : रविवारच्या ड्राइव्हआधी टाकी काठोकाठ भरू नका

सभासद मंडळी,
सकाळी लवकर निघायचंय म्हणून शनिवारी दुपारीच टाकी फुल करून गाडी उन्हात लावू नका. पंपावरचं पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून येतं, तुलनेनं थंड असतं. गाडीत ते तापलं की फुगतं : तापमान 20 अंशांनी चढलं, तर 40 लिटरमागे जवळजवळ पाऊण लिटर. नव्या गाड्यांत वाफ कोळशाच्या डब्यात जिरते. आपल्या जुन्या फियाट-अँबॅसेडरमध्ये ती सोय नाही. जादा पेट्रोल झाकणातून नाहीतर व्हेंटच्या (टाकीत हवा ये-जा करण्याच्या) नळीतून बाहेर. रंगावर ओघळ उठतो तो वेगळाच, पण बंद गॅरेजात वाफ साचली तर एक ठिणगी पुरते.

पंपावर नोझल 'खट्' करून थांबलं की भरणं बंद. "साहेब, राउंड फिगर करू का?" याला ठाम नाही म्हणा. खरा घोळ तिथेच होतो, त्या शेवटच्या दोन-तीन पिचकाऱ्यांत.

वास येतो म्हणून कुणी व्हेंट बुजवू नये किंवा हवाबंद झाकण बसवू नये. टाकीत हवा शिरली नाही, तर पेट्रोल ओढलं जात नाही आणि गाडी घाटात बंद पडते.

टाकी भरली असेलच, तर आधी थोडं अंतर चालवा, मग सावलीत, सपाट जागी लावा.