बर्बरिनची बाटली आणि पानातलं शीत

फोंडा, गोवा

प्रिय शुभा,
सप्रेम नमस्कार.

रिपोर्ट पाहिला. उपाशीपोटी साखर १०४, इन्सुलिन १८. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागलं की होमा-आयआर मिळतो, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही याचा अंदाज. तुझा साधारण ४.६. साखर अजून फार चढलेली नाही, पण तिला तिथे थोपवायला स्वादुपिंड राबराब राबतंय.

भाचीने पाठवलेली बर्बरिनची बाटली एवढ्यात फोडू नकोस. ते दारुहळदीतलं द्रव्य, साखर उतरवतं हे खरं. अभ्यासांत बहुधा ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीनदा दिलेलं असतं. पण तू साखरेवरची मेटफॉर्मिनची गोळी घेतेसच, आणि पोट बिघडवण्यात दोघंही तरबेज. शिवाय यकृतातली जी एन्झाइमं औषधांचा निचरा करतात, त्यांतल्या काहींना बर्बरिन अडवतं. तुझी कोलेस्टेरॉलची गोळीही चालू आहे ना? ‘नैसर्गिक आहे हो’ हे दुकानाच्या काउंटरवर मी रोज ऐकते. काजऱ्याची विषारी बीही नैसर्गिकच!

दालचिनीचं म्हणशील तर बाजारातली जाड सालीची बहुतेक कॅसिया, म्हणजे दालचिनीचीच दुसरी जात. ती रोज चमचाभर पोटात गेली तर तिच्यातलं कुमारिन हे द्रव्य यकृताला बाधू शकतं. सिलोनची पातळ, पापुद्र्यांची घे, तीही चवीपुरती. साखरेवरच्या परिणामाचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. मेथी मला जास्त पटते. तिच्यातला चिकट तंतू जेवणातली साखर सावकाश रक्तात जाऊ देतो. उडदामेथीत पडते तेवढ्याने मात्र भागायचं नाही, रात्री भिजत घाल.

आता खरं भांडण पानातल्या शिताशी. सुरय म्हणजे साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा उकडे तांदूळ बरे, पण डोंगर उकड्यांचा असला तरी डोंगरच. आधी तांबडी भाजी आणि बांगडा संपव, मग भात घे. या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते. पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, घेताना आत मैदा किती ते विचार, वरून भुरभुरलेल्या कोंड्यावर जाऊ नकोस. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन घटवण्याचं लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनवाल्यांत ३१. असली गोळी माझ्या कपाटात नाही गं.

पुढच्या तपासणीत बी-१२ बघायला सांग, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते उतरू शकतं. आणि बाटली सोबत ने, डॉक्टरांना लेबल वाचू दे.

तुझी,
नयना