उमदी-संख भागातल्या एमएस रुग्णांसाठी वाचनालयात एक खोली : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

जत तालुक्याच्या या पूर्व टोकाला न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचा डॉक्टर, नाही. त्यासाठी मिरज-सांगली गाठायची, नाहीतर विजापूर-सोलापूर. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झालेल्या माणसाला ही वाट एकदा नव्हे, जन्मभर तुडवावी लागते. म्हणून रुग्णाला इथूनच व्हिडिओवरून डॉक्टरांशी बोलता यावे, यासाठी आम्ही ही खोली उभी करत आहोत.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरच्या आवरणावरच उलटते. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. एक डोळा दुखून धूसर दिसू लागते, पाय बधिर होतात, तोल जातो, लघवी आवरत नाही. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, म्हणून घरचेही "आळस करते" म्हणतात. हे फार वाईट आहे.

त्यात आपले ऊन. अंग तापले की जुनी लक्षणे उसळतात. ताप आला किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी तेच. हा आजाराचा नवा झटका की नुसता उष्णतेचा परिणाम, हे तज्ज्ञाने ठरवायचे असते, कारण झटक्याला बहुधा स्टेरॉइडचे सलाईन लागते आणि उष्णतेच्या त्रासाला गारवा व विश्रांती पुरते. एवढे विचारायला अशा माणसाला चैत्र-वैशाखात एसटीने न्यायचे, हे आम्हाला पटत नाही.

व्हिडिओवरून सल्ला देण्याचे नियम केंद्र सरकारने मार्च 2020 मध्येच घालून दिले आहेत. पहिली तपासणी आणि एमआरआय प्रत्यक्षच व्हायला हवेत. नजर अचानक गेली, पायातले बळ गेले, तर स्क्रीनसमोर न बसता थेट दवाखान्यात जायचे. पण औषध सोसते का, रक्ताचे रिपोर्ट कसे आहेत, चाल बिघडली का, हे दुरून पाहता येते. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेचा सल्ला मोफत आहे, तो जरूर घ्यावा. मात्र एमएसच्या रुग्णाला दर वेळी फाईल ओळखणारा तोच डॉक्टर लागतो. म्हणून रुग्णाने आपल्याच डॉक्टरांशी इथून बोलावे, अशी आमची योजना आहे.

वाचनालयाची मागची खोली आम्ही दिली आहे. व्हरांड्यात 25 फुटांची रेघ आखू. तेवढे अंतर चालायला किती सेकंद लागतात, ते डॉक्टर पाहतात. मोठा स्क्रीन, चांगला कॅमेरा, इंटरनेटचे वर्षाचे भाडे, इन्व्हर्टर आणि कूलर हवा आहे. लहान फ्रिजही हवा, कारण काही इंजेक्शने 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. दाराला आतून कडी बसवायची आहे. लघवीचा त्रास चारचौघांत कोणती बाई सांगेल?

पैशांइतकीच माणसांची गरज आहे. रुग्ण चालताना शेजारी उभे राहणारे, घरून आणून सोडणारे गाडीवाले, महिला स्वयंसेविका आणि कन्नड-मराठी दोन्ही बोलणारे. आपल्या कित्येक घरांत दुखणे कन्नडमध्येच सांगितले जाते, ते डॉक्टरांपर्यंत नीट पोचले पाहिजे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. प्रमाणपत्राचे अर्ज भरून देणारेही हवेत.

देणगी वाचनालयात आणून द्यावी आणि पावती घ्यावी. जमाखर्च दरमहा दाराजवळच्या फळ्यावर लागेल. वस्तू देणाऱ्यांनी आधी विचारावे, म्हणजे एकच वस्तू दोनदा येणार नाही. रुग्णांची नावे मात्र कुणालाही, देणगीदारांनाही, सांगितली जाणार नाहीत.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ