कुठली वाटी? स्वयंपाकाच्या मावशींना आभाराचं पत्र

मावशी, सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या एकाच सोसायटीत तुम्ही चार घरांचा स्वयंपाक करता आणि त्या चारही घरांत कुणी ना कुणी आमच्या आहारतक्त्यावर आहे. वजन उतरलं की पेढे आमच्याकडे येतात. पण तक्त्यातली ओळ न् ओळ ताटात उतरते ती तुमच्या हातून. म्हणून हे आभार, आणि तेही सगळ्यांसमक्ष, कारण तुमच्यासारख्या मावशी ज्या ज्या घरी जातात तिथेही हे वाचलं जावं असं फार वाटतं.

पहिले आभार तुमच्या त्या प्रश्नाचे. ‘एक वाटी वरण, एक वाटी उसळ, अर्धी वाटी भात’ हे त्यातल्या एका घरच्या काकूंनी तुम्हाला वाचून दाखवलं, तेव्हा तुम्ही विचारलंत, “कुठली वाटी?” मग मांडणीवरून तीन वाट्या काढून औषधाच्या मापाने पाणी ओतून दाखवलंत. आहेरात आलेली छोटी 100 मिलीची, रोजची 150 ची आणि काका ज्या खोलगट वाटीतून आमटी पितात ती थेट 250 ची. छोटीत भाताच्या जेमतेम 90 कॅलरी मावतात, मोठीत सव्वादोनशे. दोन्ही जेवणांत हाच फरक पडला तर दिवसाला पावणेतीनशे कॅलरी कुणाच्याही नकळत पोटात जातात आणि ‘तक्ता तंतोतंत पाळूनही वजन हलत नाही’ अशी तक्रार येते. तक्रार खरीच असते, माप चुकलेलं असतं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक तक्त्यावर वरच्या ओळीत लिहिलेलं असतं: वाटी म्हणजे 150 मिली, चहाचा चमचा म्हणजे 5 मिली, सपाट.

दुसरे आभार तेलासाठी, आणि याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं.

एका सपाट चमच्यात साडेचार ग्रॅम तेल बसतं, म्हणजे सुमारे 40 कॅलरी. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज अडतीस ग्रॅम होतं, 340 कॅलरी निव्वळ तेलाच्या. दोन लिटरवर आणलं तर पंधरा ग्रॅम, 135 कॅलरी. माणशी दोनशे कॅलरी कमी झाल्या आणि ताटातला एकही पदार्थ गेला नाही. हे गणित आम्ही कागदावर कितीदा तरी मांडलं होतं. तुम्ही ते बाटलीवर मांडलंत. महिन्याच्या एक तारखेला दोन लिटर तेल वेगळ्या बाटल्यांत भरून चार रबरबँड चढवलेत, आठवड्याला एक. दिवाळीच्या महिन्यात चकलीचं तेल निराळं ठेवलंत, त्यामुळे रोजचा हिशोबही बिघडला नाही.

कमी तेलात भाजी का बिघडते, हेही तुमच्याकडूनच नीट कळलं. रुंद कढईत तीन चमचे तेल घातलं की ते पसरून पातळ थर होतो. मोहरी त्यात बुडत नाही, तडतडायच्या आधी जिरं काळं पडतं आणि भाजीला कडवटपणा येतो. मग घरचे म्हणतात, डाएटचं जेवण कडू लागतं. तुम्ही फोडणी छोट्या लोखंडी पळीत करता. तेल एका जागी खोल राहतं, पुरतं तापतं, मोहरी फुटते, हिंग-हळद फुलते. कांदा टाकल्याबरोबर चिमूटभर मीठ घालता म्हणजे त्याला पाणी सुटतं आणि तो तळाला धरत नाही. धरलाच तर तेलाऐवजी दोन चमचे गरम पाणी. वर ताटली ठेवून तिच्यात पाणी, म्हणजे आतली वाफ आतच राहते. वांगं स्पंजासारखं तेल पितं, म्हणून फोडी आधी पाच-सहा मिनिटं वाफवून मग फोडणीत टाकता.

आणि काही घरांनी उत्साहाने ‘अजिबात तेल नको’ म्हटलं तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत, याचे तर वेगळे आभार. बिनतेलाची भाजी दोन घास खाऊन बाजूला सारली जाते, पोळी लोणच्याशी संपते आणि रात्री दहाला फरसाणाचा डबा उघडतो. शिवाय पालेभाजीतलं ‘अ’ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतंच. दाण्याच्या कुटाचंही तसंच. मूठभर कूट म्हणजे तीस ग्रॅम, 170 कॅलरी. तुम्ही ते बंद केलं नाहीत, डब्यात मूठ घालण्याऐवजी चमचा ठेवलात.

पोळीबद्दल बोलायचं तर सगळे ‘किती पोळ्या’ एवढंच मोजतात. तुम्ही उंडा मोजलात. तीस ग्रॅम कणकेचा उंडा पाणी धरून साधारण पन्नास ग्रॅम भरतो, मोठ्या लिंबाएवढा. त्याची घडीची पोळी आतलं अर्धा चमचा तेल आणि वरचं अर्धा चमचा तूप धरून 140 कॅलरीची होते. उंडा पंचेचाळीस ग्रॅम कणकेचा आणि तेल-तूप सढळ असलं तर तीच पोळी दोनशेच्या पुढे जाते. तीन पोळ्या खाणाऱ्याला एका जेवणात दोनशे-सव्वादोनशे कॅलरींचा फरक पडतो. भाकरीच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. भाकरी हलकी, म्हणून पोळी सोडून भाकरी धरली, असं पुष्कळ जण सांगतात. ज्वारी चांगलीच आहे, पोटाला धरूनही राहते. पण सत्तर ग्रॅम पिठाची भाकरी सव्वादोनशे कॅलरींच्या वर जाते. दोन पोळ्यांच्या जागी दोन मोठ्या भाकऱ्या आल्या तर खाणं वाढलं. तुम्ही भाकऱ्या लहान थापायला लागलात आणि हा प्रश्न वाद न होता मिटला.

प्रथिनांची बाजू मराठी जेवणात बहुतेक वेळा लंगडी असते. पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते ती वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे पाच-सहा ग्रॅम प्रथिनं. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला साठच्या आसपास लागतात. ती कमी पडली की खाणं कमी करताना चरबीबरोबर स्नायूही झडतो, पायऱ्या चढताना दम लागतो आणि तासाभरात परत भूक लागते. तुम्ही वरण दाट केलंत, आठवड्याला तीन दिवस उसळ धरलीत. मूग आठ तास भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात बांधून दुसऱ्या सकाळी मोड, हा क्रम रविवार, मंगळवार, गुरुवार न चुकता. पिठलं, ताक, अंडं चालणाऱ्या घरात दोन उकडलेली अंडी. नवीन काहीच आणावं लागलं नाही.

उपवासाचं सांगायचं राहू नये. संकष्टी आणि एकादशीच्या दुसऱ्या दिवशी वजन वाढलेलं दिसतं आणि माणसं गोंधळतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, साठ ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या दोनशे दहा कॅलरी. त्यात पंचवीस ग्रॅम कूट, तीन चमचे तूप आणि बटाटा, म्हणजे एक बशी पाचशेच्या घरात, आणि अशा दोन बशा होतात. तुम्ही खिचडी एक वाटीवर आणलीत, सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर दिलीत, संध्याकाळी राजगिऱ्याची भाकरी किंवा उकडलेलं रताळं. उपवास मोडला नाही आणि आजींचा रोषही ओढवला नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. घरोघरी उरलेला भात घरची बाई पातेल्यातूनच संपवते, ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून. तो कुठल्याच तक्त्यात लिहिला जात नाही. तुम्ही सकाळी दारातच विचारता, “आज जेवायला किती जण, पोळ्या किती?” आणि तेवढ्याच करता. हे विचारणं लहान वाटतं, पण त्या घरांतल्या बायकांचं वजन उतरण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

व्यायाम हा खरं तर तुमचा प्रांत नाही, तरी तिथेही तुमचा हात लागला. काकूंना तुम्ही भाजी खाली बसून निवडायला लावलीत. जमिनीवर बसणं आणि हाताचा आधार न घेता उठणं हा मांड्यांचा आणि कमरेचा उत्तम व्यायाम आहे. ज्यांना एकदम जमत नाही त्यांनी खुर्चीपासून सुरुवात करावी: हात छातीशी, दहा वेळा बसायचं-उठायचं, मिनिटभर थांबून परत दहा, आठवड्यातून तीन दिवस. उठताना गुडघे आत वळतात तिथे दुखणं सुरू होतं. ते पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत आणि खुर्चीवर धपकन न बसता तीन अंक मोजत खाली यायचं. गुडघे आधीच दुखत असतील तर उंच खुर्ची घ्यावी, खाली बसण्याचा हट्ट नको.

चालण्याबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास झपाझप चालला तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, आणि एक वडापाव तीनशेच्या घरात जातो. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून खाली आल्यावर गाडीवर थांबलं तर सकाळ फुकट गेली. चालायचं ते साखर, रक्तदाब, झोप आणि उतरलेलं वजन टिकण्यासाठी. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून, म्हणजे पुन्हा तुमच्याच हातून. रात्रीचं जेवण तुम्ही साडेसहालाच तयार ठेवता, त्यामुळे घरं आठला जेवतात आणि दहा मिनिटं खाली चक्कर मारतात. जेवणानंतरच्या या चकरेने साखर कमी चढते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र जेवणाची वेळ किंवा भात-पोळी बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, नाहीतर साखर एकदम उतरून चक्कर येते.

तुमच्या घरांतल्या लोकांनी काट्याची घाई करू नये म्हणून एवढं त्यांना वाचून दाखवा. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरलं तर त्यातलं बरंचसं पाणी असतं. पुढे आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं असेल किंवा पाळी जवळ आली असेल तर किलोभर जास्त दिसतं, ती चरबी नव्हे. टेप लावून कंबर मोजा. पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांची 80 च्या आत यावी, हे लक्ष्य काट्यापेक्षा खरं आहे.

आता तुमच्याबद्दल. चार घरी चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, दीडशेच्या आसपास कॅलरी. आणि स्वतःचं पहिलं जेवण दुपारी दोनला. चारही घरांना आम्ही कळवलं आहे की दुसऱ्या घरी पोहोचल्यावर आधी तुम्हाला दहा मिनिटं बसून पोळी-भाजी आणि वाटीभर उसळ खायची आहे, आणि चहात साखर एक चमचा. सतत उभं राहून पोटऱ्या भरून येतात, तेव्हा ओट्याशी उभ्या असतानाच टाचा वीस वेळा वर-खाली करा, दर तासाला. पाय सुजत असतील तर मात्र अंगावर काढू नका, दाखवून घ्या.

सोबत 150 मिलीच्या पाच वाट्या आणि पाच मिलीचे चार चमचे पाठवत आहोत, प्रत्येक घरच्या ओट्यावर एकेक ठेवा. पाचवी वाटी तुमच्या घरची.

तुमचे,
आहार आणि व्यायामाचं काम करणारे आम्ही सगळे